भोपळ्याला पहिली सुरी धोंडिबांची

बदलापूरच्या बेलवलीतल्या एका इमारतीत त्या काळी ज्या घरात अख्खा लाल भोपळा यायचा, त्या घरातली बाई आधी धोंडिबा रोकड्यांची कडी वाजवायची. बाईमाणसाने अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावायची नसते. ती पुरुषाने लावायची, मग बाईने त्याच्या हव्या तितक्या फोडी कराव्यात. का, म्हणून विचारलं तर कोणी म्हणे भोपळा कापणं म्हणजे बळी देणं, ते बाईचं काम नव्हे. कोणी म्हणे सासूने सांगितलंय. सासूचं नाव निघालं की चर्चा तिथेच संपायची.

आता बेलवलीतले पुरुष उजाडायच्या आत कामावर निघायचे आणि दिवे लागल्यावर परतायचे. दिवसाउजेडी इमारतीत सापडणारे पुरुष दोनच. एक विष्णुपंत, निवृत्त पोस्टमास्तर. पण त्यांचा हात थरथर कापायचा. एकदा त्यांच्या सुरीखालून भोपळा निसटून जिन्याने खालपर्यंत गेला आणि इस्त्रीवाल्याच्या टेबलाला थडकून थांबला. तेव्हापासून बायकांनी त्यांचं नाव टाकलं. दुसरे धोंडिबा. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात गेलेली, पंजा फावड्याएवढा. पाटावर भोपळा ठेवायचे, देठाशी अंगठा दाबून बघायचे, सुरी टेकवायचे आणि एकच दाब. भोपळा असा सरळ दुभंगायचा की बघणारीने "अगं बाई" म्हणायलाच हवं. आणि ते ऐकायला धोंडिबा क्षणभर थांबायचे, हेही इमारतीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

सरस्वतीबाई, म्हणजे धोंडिबांच्या सौभाग्यवती, आत विळीवर बसून सगळं ऐकायच्या. त्यांच्या स्वतःच्या घरात भोपळा कोणीही, कधीही, कसाही कापत असे.

"बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस," त्या म्हणायच्या, "आणि पितृपक्षात लोकांच्या श्राद्धाचे भोपळे फोडतोय!"

"मी कुठे श्राद्ध घालतो? मी भोपळा कापतो. प्रतिज्ञेत भोपळा नाही, वाचून बघ."

यावर सरस्वतीबाई नुसतं हुं करायच्या. नवऱ्याला त्यात काय सुख आहे ते त्या जाणून होत्या. संगमनेराकडच्या गावात धोंडिबांची आई विहिरीच्या काठापासून लांब घागर घेऊन उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर तिने ते उभं राहणं सोडलं, लांबच्या ओढ्यावर जाऊ लागली. त्याच बाईच्या मुलाकडे आता श्राद्धाच्या स्वयंपाकाचा भोपळा रांगेने येत होता. धोंडिबा हे कधी बोलले नाहीत. सरस्वतीबाईंनी मात्र अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलं होतं.

या घरात अख्ख्या भोपळ्यांचं आणखी एक खातं उघडलं ते यशोधरामुळे. यशोधरा ही धाकटी लेक, मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. कशावर? तर इमारतीच्या फाटकाजवळच्या जास्वंदीवर जे पांढरं पिठासारखं बसतं त्यावर. त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात, तो किडा आहे, हे समजल्यावर कौसाबाई म्हणाल्या होत्या, "आम्ही इतकी वर्षं साबणाचं पाणी मारतोय, आणि ही पोर त्यावर डॉक्टर होणार!" कौसाबाई म्हणजे रोकड्यांच्या समोरच्या दारातल्या. विधवा, जिभेच्या तिखट, मनाच्या मऊ.

या किड्याला जगवायला लाल भोपळ्यासारखी दुसरी जागा नाही. अख्खा भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, किडा त्याच्या सालीला सोंड लावून आरामात रस पितो. म्हणून संस्थेतही भोपळे आणि रोकड्यांच्या गॅलरीतही भोपळे. तिकडे काही बिघडलं तर घरी जोड असावी, हा यशोधराचा हिशेब.

पहिल्यांदा तिने बापाला हे समजावलं तेव्हा चहा चालला होता.

"अण्णा, हा किडा फक्त झाडाचा रस पितो. रसात साखर भरपूर, पण अंग धरायला जे लागतं ते त्यात नाही. ते याच्या पोटात राहणारा एक जीवाणू बनवून देतो."

"म्हणजे भाडेकरू."

"हो. आणि त्या जीवाणूच्या पोटात आणखी एक जीवाणू राहतो."

धोंडिबांनी बशी खाली ठेवली. "पोटभाडेकरू? मालकाला विचारून ठेवलाय का?"

"घुसला असेल कधीतरी, लाखो वर्षांपूर्वी. आता तिघांचं एकमेकांवाचून चालत नाही. आई अंडं घालते तेव्हाच दोघांना त्यात भरून देते."

"लेकीला आंदणात भाडेकरू!" सरस्वतीबाई आतून म्हणाल्या.

"आणि गंमत म्हणजे, बाहेर मोकळ्या राहणाऱ्या जीवाणूकडे हजारो जनुकं असतात. यांच्याकडे अगदी थोडी उरलीत. शेजारी आयतं मिळतंय म्हटल्यावर एकेक टाकत गेले. कोणी काय टाकलं, कोणाकडे काय राहिलं, ते मी वाचतेय."

"गाव सोडताना आपण जातं टाकलं, पाटा टाकला, तसं."

"तस्संच."

"पाटा तुम्ही टाकलात," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मला अजून लागतो."

त्या दिवसापासून धोंडिबा गॅलरीतल्या भोपळ्यांना 'आपली चाळ' म्हणू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला भिंगातून दाखवायचे. विष्णुपंतांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात पागडी कोणी घेतली?"

२००६ साली पावसाळा सरता सरता संस्थेतल्या भोपळ्यांवर संकट आलं. एक डोळ्याला जेमतेम दिसणारी गांधीलमाशी कुठून तरी आत शिरली. ती या किड्यांच्या अंगात अंडी घालते, तिची अळी किड्याला आतून पोखरते. यशोधराच्या कपड्यांवरून म्हणा, डब्यांतून म्हणा, ती बेलवलीच्या गॅलरीतही पोचली. वरून भोपळा तसाच पांढराशुभ्र कापूसमाखला दिसायचा, आत सगळं मेलेलं. यशोधराची मुख्य अडचण अशी होती की एकाच मादीच्या वंशावळीतून तिने जीवाणूंची अर्धीअधिक जनुकं वाचून काढली होती. उरलेली त्याच घराण्यातून वाचायला हवी होती. दुसऱ्या घराण्याचा किडा घेतला असता तर पुस्तकाची अर्धी पानं एका आवृत्तीची आणि अर्धी दुसऱ्या आवृत्तीची, असं व्हायचं, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि मार्गदर्शकांनी सांगून टाकलं होतं की वाचण्याच्या यंत्रावर दिवाळीनंतर तिची पाळी आहे, ती हुकली तर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

तिने शोधून शोधून दोन-तीन न पोखरलेल्या अंड्यांच्या पिशव्या मिळवल्या, घरी आणल्या आणि एका ताज्या, स्वच्छ भोपळ्यावर ठेवल्या. अंडी फुटली. पिल्लं इतकी बारीक की भोपळ्याच्या खोबणीत शिरली की दिसेनाशी. तो भोपळा मलमलीत बांधून तिने गॅलरीत ठेवला. शेजारी तसेच मलमलीत बांधलेले राखीव भोपळे, आणि कडेला तो जुना, कापूसमाखला.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी संस्थेत जायला निघताना ती म्हणाली, "अण्णा, आता खरा भोपळा हा, भिंतीकडचा. त्या पांढऱ्यात काही राहिलेलं नाही. कळलं?"

"कळलं," धोंडिबा म्हणाले. पण त्याच वेळी दारात पाच बायका पाच भोपळे घेऊन उभ्या होत्या, पहिल्या भोपळ्याच्या देठाशी अंगठा दाबून झाला होता आणि सगळ्यांचे डोळे सुरीवर होते. अशा वेळी माणसाला काय कळतं? त्याला फक्त "अगं बाई" ऐकू येतं.

कौसाबाई सगळ्यांत शेवटी, दिवेलागणीला आल्या. बाजारात फोड विकत मिळते, पण ती कोणी कापली कोण जाणे, म्हणून त्या बदलापूर गावातल्या बाईकडून मांडवावरचा अख्खा भोपळा घ्यायच्या. धोंडिबांनी सुरी दाबली. भोपळा दुभंगला आणि आतून काळं पाणी आलं.

"सडका!" कौसाबाईंनी कपाळाला हात लावला. "आता कुठून आणू? उद्या यांचं पान आहे. मुलगा सकाळी डोंबिवलीहून येतोय. मला मेलीला दुपारीच यायला काय झालं होतं!" आणि त्यांचा आवाज फुटला.

धोंडिबांना बायकांचं रडणं सोसत नसे. "थांबा वहिनी," म्हणून ते गॅलरीत गेले. कापूसमाखला भोपळा लेकीचा, त्याला हात लावायचा नाही, हे त्यांच्या डोक्यात अगदी पक्कं होतं. बाकीचे राखीव. त्यांनी भिंतीकडचा उचलला, कारण तो सगळ्यांत देखणा होता. मलमल सोडली, पाटावर ठेवला, अंगठा, सुरी, दाब.

"अगं बाई! केवढा लाल!" कौसाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

धोंडिबांना त्या संध्याकाळी फार छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी यशोधराला सुट्टी होती. दुपारी जेवण आटोपून गॅलरीत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. "अण्णा, भिंतीकडचा भोपळा कुठाय?"

"कौसाबाईंना दिला. त्यांचा सडका निघाला ग. तुझा पांढरा आहे की तिथेच, मी हात लावलेला नाही."

ती खाली बसली. हातात मलमलीचा तुकडा होता, तो ती घडी घालत राहिली, घातलेली घडी उलगडून पुन्हा घालत राहिली. सरस्वतीबाई बाहेर आल्या, लेकीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. धोंडिबांना मग कालचं "कळलं?" आठवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ओरड तरी," ते म्हणाले.

"ओरडून काय होणार, अण्णा?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. धोंडिबांनी सदरा चढवला.

"नुसत्या साली मागा," यशोधरा म्हणाली. "का ते सांगू नका. श्राद्धाचं जेवण आहे, त्यांना वाईट वाटेल."

"सांगणार. खोटं बोलून साल मागायची म्हणजे काय, मी म्हैस पाळलीय?"

कौसाबाईंकडे पानं उठली होती. मुलगा आत लवंडला होता, विष्णुपंत ब्राह्मण म्हणून जेवायला होते ते पाटावरच सुपारी कातरत बसले होते. हात कापत असल्यामुळे सुपारी कमी आणि आवाज जास्त होत होता. धोंडिबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भोपळ्यावर जिवंत किडे होते, बारीक, दिसत नाहीत असे. चूक माझी.

विष्णुपंतांचा अडकित्ता थांबला. "साल काढली होती ना हो, वहिनी?"

"आमच्याकडे सालासकट करतात," कौसाबाई हळूच म्हणाल्या.

"म्हणजे रोकडे," विष्णुपंतांनी पोटावर हात ठेवला, "पितरांना सामिष जेवण घातलंत! आणि मी दोनदा भाजी मागून घेतली."

धोंडिबा मान खाली घालून उभे होते. कौसाबाई भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटलं, पण नाही.

"आमच्या यांना मटणाशिवाय घास गिळत नसे," त्या पदराने तोंड दाबत म्हणाल्या. "आणि मी दर वर्षी घालतेय भोपळा आणि भोपळा. तरीच आज कावळा लगेच शिवला!"

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "पण पोरीचं काय आता?"

तिचं काय ते सांगितल्यावर कौसाबाई एकदम उठल्या. अर्धा भोपळा त्यांनी शिजवला होता, उरलेल्या अर्ध्याच्या फोडी कालच चार घरी पोचवल्या होत्या. मोठा भोपळा एकट्याने खायचा नसतो. पदर खोचून त्या पुढे आणि धोंडिबा मागे, अशी वरात निघाली.

पहिल्या घरी फोडीचे घारगे होऊन डब्यात पडले होते. "खा ना काका, गरम आहेत," म्हणून उलट दोन धोंडिबांच्या हातावर आले. दुसऱ्या घरी साली गाईला घातल्या होत्या. तिसऱ्या घरच्या बाईने फोड आपल्या नणंदेला पाठवल्याचं कबूल केलं आणि ती नणंद भोपळा तोंडातही घालत नाही हे माहीत असूनच पाठवली, हेही ओघात सांगून टाकलं. नणंदेने ती कचऱ्यात टाकली होती, गाडी येऊन गेली होती.

"चौथी श्रीपादला दिलीय, हेंद्रेपाड्यात," कौसाबाई म्हणाल्या. श्रीपाद त्यांचा भाचा. चाळिशी उलटली, लग्न नाही, एकटा राहतो. मावशीला नाही म्हणायची हिंमत नसल्याने जे देईल ते घेतो. दोघं रिक्षाने गेले. श्रीपादने दार उघडलं, आणि मावशीने "फोड कुठाय?" म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पडला.

"खाल्ली. मस्त होती."

"खोटं बोलू नकोस."

"मावशी, मला भोपळ्याची भाजी येत नाही करायला," श्रीपाद रडवेला झाला. "आणि खरं सांगू, आवडतही नाही. इतकी वर्षं तू देतेस, इतकी वर्षं मी ती शेजारच्या चौकीदाराला देतोय. आज तो यायचाय अजून."

"गाढवा!" कौसाबाईंनी त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

फोड खिडकीत, वर्तमानपत्रावर होती. देठाकडची. धोंडिबांनी ती दोन्ही हातांत धरून बेलवलीला आणली. रिक्षावाल्याला सांगितलं, "खड्डे चुकव, आत बाळंतीण आहे." त्याने मागे वळून पाहिलं, कौसाबाईंकडे पाहिलं आणि रिक्षा सावकाश चालवली.

यशोधराने भिंग लावलं. देठाच्या खाचेत काहीतरी पिवळसर हललं. मग आणखी एक. तिने वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. "आहेत. थोडेच आहेत, पण आहेत. पण ही कापलेली फोड दोन दिवसांत सडेल, अण्णा. अख्खा भोपळा लागेल, आणि माशी लागलेल्या गॅलरीतला नको. बाहेरचा, आजच."

आणि इथे धोंडिबांना घाम फुटला. अख्खा भोपळा? साऱ्या इमारतीतले भोपळे त्यांनी स्वतःच्या हाताने दुभंगले होते. बदलापूरच्या बाजारात अमावास्येला उरल्या होत्या त्या सुकलेल्या फोडी. ते तडक उल्हासनगरला गेले. कॅम्पातल्या भाजीबाजारात एका सिंधी दुकानदाराकडे एकुलता एक अख्खा भोपळा दिसला. धोंडिबांनी बोट दाखवलं आणि त्या भल्या माणसाने गिऱ्हाइकाला रंग दाखवायला सुरी उचलली.

"अरे काटो मत!" धोंडिबा एवढ्या जोरात ओरडले की पलीकडचा कांदेवाला उठून उभा राहिला.

"साईं, काटे बिना पता कैसे चलेगा? अंदर लाल निकले तोही लेना."

"लाल निकले, काला निकले, मुझे अंदर का कुछ काम नहीं!" म्हणत धोंडिबांनी भोपळ्यावर आपले दोन्ही पंजे ठेवले.

"पहला आदमी देखा," दुकानदार शेजाऱ्याला म्हणाला, "जो सिर्फ छिलका खरीद रहा है."

यशोधराने ती पिल्लं रंगकामाच्या बारीक कुंचल्याने एकेक करून नव्या भोपळ्यावर सोडली. भोपळा इमारतीच्या माळ्यावरच्या खोलीत, दारंखिडक्या बंद करून, दुहेरी मलमलीत राहिला. धोंडिबांनी बाहेर खुर्ची टाकली. त्या दिवसांत नवरात्र आलं, कोजागिरी आली, पण त्यांनी कोणाच्याही भोपळ्याला सुरी लावली नाही. "हात बरा नाही," म्हणायचे. बायका काय समजायचं ते समजल्या. कोणी नवऱ्याला रविवारी जुंपलं. कौसाबाईंनी सरस्वतीबाईंसमोर बसून, डोळे मिटून, स्वतःच्या हाताने सुरी लावली आणि मग डोळे उघडून म्हणाल्या, "काही झालं नाही हो!" सरस्वतीबाई म्हणाल्या, "माझं तरी आजवर काय झालं?"

दिवाळीच्या सुमारास भोपळ्याच्या खोबणींतून पांढरा कापूस फुटला. धोंडिबा लेकीला हाताला धरून वर घेऊन गेले.

"भरपूर झाले," यशोधरा म्हणाली. "आता डीएनए काढता येईल."

"कसा काढतात?"

ती जरा थांबली. "खरवडून घ्यायचे, बर्फात ठेवायचे. मग वाटायचे."

"वाटायचे?" धोंडिबा खुर्चीवर बसले. "यांना? म्हणजे मी इतके दिवस राखण केली ती..."

"सगळे नाही, अण्णा. काही ठेवते."

खरवडण्याच्या दिवशी ते घरात थांबले नाहीत, कौसाबाईंकडे जाऊन बसले. कौसाबाईंनी चहात आलं जास्त घातलं. परतले तेव्हा यशोधरा निघून गेली होती आणि भोपळ्याच्या एका बाजूला तळहाताएवढ्या जागेत पांढरं तसंच ठेवलेलं होतं.

यंत्रावरची तिची पाळी हुकली नाही. राहिलेली जनुकं वाचून झाली, प्रबंध झाला, ती हैदराबादला नोकरीला लागली. जाताना वाकून पाया पडायला आली तेव्हा धोंडिबांनी तिला मधेच धरलं. "त्या दिवशी तू ओरडली नाहीस," ते म्हणाले. ती म्हणाली, "तुम्हीही कौसाबाईंपासून लपवलं नाहीत, अण्णा." एवढंच बोलणं झालं.

पुढे एकदा फोनवर ती सहज म्हणाली, "अण्णा, तो भोपळा आता टाकला तरी चालेल. माझं त्यातलं काम संपलं."

"बरं," म्हणून धोंडिबांनी फोन ठेवला. भोपळा तळाशी मऊ पडू लागलाच होता. ते थोडा वेळ माळ्यावर बसून राहिले. मग पिशवी घेऊन खाली उतरले.

"कुठे निघालात?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"उल्हासनगरला. अख्खा भोपळा बघतो."

"पोरीने टाकायला सांगितलं ना?"

"तिचं काम संपलं," धोंडिबा चप्पल घालत म्हणाले. "पण त्या बिचाऱ्यांनी आपापलं सामान कधीच टाकून दिलंय. आता बाहेर काढले तर जातील कुठे?"

सरस्वतीबाई आत गेल्या, कुंचला धुऊन, पुसून, माळ्याच्या दाराशी ठेवून आल्या.